गोरेगावचे समाजवादी आणि नळाचे पाणी

गोरेगावच्या समाजवादी शाखेचा इतिहास हा बराचसा नळांचा, संडासांचा, रॉकेलचा आणि डोक्यावरच्या छपराचा इतिहास आहे. चाळीस वर्षांत पक्षाचे नाव पाच-सहा वेळा बदलले, नेते एकमेकांपासून दुरावले, निवडणूक चिन्हे आली आणि गेली. शाखेचे काम मात्र त्याच वस्त्यांत, बहुतांशी त्याच माणसांच्या हातून चालू राहिले.

हे काम पाण्याभोवती का फिरले, याचे उत्तर मुंबईच्या हद्दीत आहे. १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेच्या बाजूला जोगेश्वरीपर्यंत वाढवण्यात आली. गोरेगाव तेव्हा त्याच्या पुढचे स्टेशन होते. ते बाहेर राहिले. तिथे ग्रामपंचायत होती. फिल्मिस्तान स्टुडिओ, आरे दूध वसाहत, आजूबाजूला उभे राहत असलेले लहानमोठे कारखाने यांमुळे वस्ती झपाट्याने वाढत होती, आणि फाळणीनंतर सगळ्या उपनगरांवर माणसांचा भार आणखी पडला होता. व्यवस्था मात्र गावाची होती. गोरेगावच्या पूर्वेला, डोंगरांत विहार तलाव आहे. १८६० पासून त्याचे पाणी दक्षिणेला शहराकडे जात होते. तलावाच्या शेजारचे गाव विहिरींवर आणि शहरातली माणसे तलावाच्या पाण्यावर, असा हा प्रकार होता. १ फेब्रुवारी १९५७ रोजी हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि गोरेगाव मुंबईत आले. कर तेव्हापासून मुंबईचा सुरू झाला. पाण्याला वेळ लागला.

समाजवादी पक्षाची मुळे तुरुंगातली. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी एकत्र आली. काँग्रेसमध्येच राहायचे, पण शेतकरी-कामगारांचा कार्यक्रम घेऊन, असा विचार तिथे पक्का झाला आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. महाराष्ट्रात या विचाराला माणसे मिळाली ती मुख्यतः राष्ट्र सेवा दलातून. जून १९४१ मध्ये पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली दलाची नव्याने बांधणी झाली. संध्याकाळची शाखा, खेळ, कवायत, समूहगीते, अभ्यासमंडळे, पुढे कलापथक, आणि या सगळ्यांत मुली मुलांच्या बरोबरीने. त्या काळच्या पांढरपेशा घरांत ही शेवटची गोष्ट सोपी नव्हती. दलातल्या मुलींना घरातून बाहेर पडण्याची, परक्या वस्तीत जाऊन बोलण्याची सवय लागली. पुढच्या काळात समाजवादी चळवळीत बायका एवढ्या संख्येने आणि पुढच्या रांगेत दिसतात, त्याचे एक मोठे कारण या शाखांमध्ये आहे. साने गुरुजींचा प्रभाव हे दुसरे.

१९४८ च्या मार्चमध्ये नाशिकच्याच अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. त्याच वर्षी केशव गोरे आणि मृणाल मोहिले यांचा विवाह झाला. केशव ऊर्फ बंडू गोरे हे सेवा दलातले आणि पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते. मृणाल मोहिले (जन्म २४ जून १९२८) वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. ते अर्धवट सोडून त्या चळवळीत उतरल्या. विवाह आंतरजातीय होता. दोघांनी गोरेगाव हे कामाचे ठिकाण धरले आणि तिथली शाखा या घराभोवती वाढली.

अशी शाखा चालायची कशी, हे पाहण्यासारखे आहे. पक्षाकडे पैसा नव्हता. सभासदवर्गणी, ओळखीच्यांकडून देणग्या आणि सभेत फिरवलेले डबे यांवर खर्च भागे. चौकात एक फळा असे. त्यावर खडूने सभेची वेळ, मोर्च्याची हाक किंवा पालिकेतली ताजी बातमी लिहिली जाई. ‘साधना’ साप्ताहिकाचे अंक कार्यकर्तेच घरोघर पोचवत. पत्रके आणि भित्तिपत्रके तयार झाली की रात्री खळीचा डबा आणि कुंचा घेऊन भिंती धरायच्या. एखाद्या गल्लीचा प्रश्न हाती घेतला की आधी घरोघर हिंडून सह्या, मग अर्ज, मग शिष्टमंडळ, आणि अर्ज दप्तरात पडून राहिला तर मोर्चा. हा क्रम सहसा मोडला जात नसे. अर्जाची पोच जपून ठेवणे हेही कार्यकर्त्याचे काम मानले जाई. मोर्च्याच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर ती पोच ठेवली की ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ हे उत्तर संपत असे. समाजवाद्यांवर ‘अर्जबहाद्दर’ म्हणून टीका करणारे कम्युनिस्ट त्या काळीही होते. पण ज्या चाळकऱ्याला सरकारी कचेरीची पायरी चढायची भीती वाटे, त्याच्या दृष्टीने सही करणे आणि चार माणसांबरोबर साहेबासमोर उभे राहणे हेच राजकारणाचे पहिले शिक्षण होते.

गोरेगावच्या कामाचा पहिला टप्पा ग्रामपंचायत आणि महिला मंडळ यांचा. संडास, गटारे, दिवे, रस्ते हे पंचायतीचे विषय. बायकांसाठी संडासांची सोय हा त्यांतला सर्वांत निकडीचा आणि सभेत उच्चारायला सर्वांत अवघड. महिला मंडळाने शिवण, बालवाडी असे नेहमीचे उपक्रम घेतलेच, शिवाय कुटुंबनियोजनाचे केंद्र सुरू केले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्दही चारचौघांत कुजबुजत बोलला जाई, आणि केंद्राला विरोध झाला. पुढच्या दशकात वस्तीवस्तीतून बायका हंडे घेऊन बाहेर पडल्या, त्यांची ओळखपाळख या खोल्यांत झालेली होती.

याच दशकात महाराष्ट्रातल्या समाजवादी शाखांवर दोन मोठ्या चळवळींचा भार होता. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये आघाडीवर होते, आणि गावोगावच्या शाखांनी सत्याग्रही पाठवले. पाठोपाठ संयुक्त महाराष्ट्राचा लढा. तो चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी. या दोन्हींत शाखांची माणसे महिनोन्‌महिने गुंतली. समितीच्या लाटेवर १९५७ साली मुंबई महापालिकेत सत्ताबदलही झाला. पण लाट ओसरल्यावर वस्तीत पुन्हा तेच प्रश्न उभे होते. १९५८ साली केशव गोरे अकाली गेले. मृणाल गोरे तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. पदरी लहान मुलगी. मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभारला. गोरेगाव पश्चिमेला, आरे रस्त्यावरची त्याची वास्तू पुढे सभा, व्याख्याने, वाचनालय आणि शिबिरे यांची हक्काची जागा झाली. पक्षाची कचेरी भाड्याने घेता येते आणि पक्ष फुटला की जातेही. ट्रस्टची जागा पक्षाच्या भांडणांपासून अलिप्त राहिली. शाखा टिकण्यात या साध्या गोष्टीचा वाटा, भाषणांतून सांगितला जातो त्याहून मोठा आहे.

१९६१ साली मृणाल गोरे महापालिकेवर निवडून आल्या आणि पाण्याचा प्रश्न सभागृहात गेला.

मुंबईचे पाणी चोवीस तास नळाला नसते. शहराचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागाला दिवसातले काही तास पाणी सोडतात. रस्त्याखालच्या झडपा पालिकेचा कामगार लांब दांड्याच्या चावीने उघडतो आणि मिटतो. त्याला ‘चावीवाला’ म्हणतात. जलवाहिनीच्या तोंडाशी असलेल्या वस्तीत दाब चांगला, शेवटाला असलेल्या वस्तीत धार करंगळीएवढी. १९५७ नंतर मुंबईत आलेली उपनगरे या टोकाला होती. वाहिन्या अरुंद, जुन्या ग्रामपंचायतींच्या हिशेबाने टाकलेल्या. माणसे दरवर्षी वाढणारी. त्यात नळजोडणी मागायची तर मालकाची संमती आणि अधिकृत बांधकाम लागे. चाळमालकाला पाण्यात रस नसला तर भाडेकरूचा अर्ज पुढे सरकत नसे, आणि झोपडीचा तर प्रश्नच नव्हता. नळ दिला की झोपडीला मान्यता दिल्यासारखे होईल, ही पालिकेची नेहमीची भूमिका. त्यामुळे पहाटे तीन-चारला उठून सार्वजनिक नळावर हंडे-कळश्यांची रांग लावणे, तिथली भांडणे निस्तरणे आणि उजाडल्यावर कामावर जाणे हा हजारो बायकांचा दिनक्रम होता. पाणी भरणे हे बायकांचे काम असल्यामुळे पाणीटंचाईही बायकांचीच मानली जाई, आणि म्हणून ती सभागृहात फारशी पोचत नसे. १९४८ पर्यंत मुंबई पालिकेचा मतदार हा करदाता असे. सार्वत्रिक मतदान त्या वर्षीपासूनचे. पण ‘कर भरणाऱ्याचे पाणी’ ही धारणा कायद्याइतक्या लवकर बदलली नाही.

शाखेने दोन बाजूंनी काम केले. सभागृहात नवी वाहिनी, मोठा व्यास, पुरवठ्याचे तास, सार्वजनिक नळ यांचा पाठपुरावा. बाहेर रिकामे हंडे घेऊन विभाग कार्यालयावर मोर्चे. रिकामा हंडा ही मोठी सोयीची वस्तू ठरली. तो प्रत्येकीच्या घरात असतो, फलक रंगवावा लागत नाही, आणि शंभर हंडे एकदम बडवले की कचेरीत काम करणे अशक्य होते. अधिकाऱ्यांना घेराव, जलअभियंत्यांना वस्तीत आणून कोरडा नळ दाखवणे, दिलेल्या तारखेला पुन्हा जाणे, हे वर्षानुवर्षे चालले. मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव या काळात मिळाले, ते वस्तीनेच दिले. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९१० पासून निवडून येणाऱ्या समाजवादी महापौरांना त्यांचेच क्रांतिकारी सोबती ‘गटारवाले समाजवादी’ म्हणून हिणवत असत. गोरेगावात असे नाव बिरुद म्हणून मिरवले गेले, यावरून इथल्या टंचाईची कल्पना येते.

या सगळ्यात पक्ष मात्र सतत तुटत होता. १९५२ च्या निवडणुकीतल्या पराभवानंतर किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष बनला. त्याचे चिन्ह झोपडी. १९५५ मध्ये लोहिया वेगळे झाले, १९६४ मध्ये संयुक्त समाजवादी पक्ष झाला, लगेच प्रजा समाजवादी पुन्हा निराळे झाले, १९७१ मध्ये परत एकत्र आले. दिल्लीतल्या ठरावांवरून चाललेल्या या भांडणांचे गोरेगावच्या नळावर उभ्या असलेल्या बाईला काही देणेघेणे नव्हते. मुंबईत १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी काँग्रेसच्या स. का. पाटलांना हरवले ते समाजवाद्यांचे सर्वांत झगझगीत यश. आणि पुढच्याच वर्षी प्रजा समाजवादी पक्षाने महापालिका निवडणुकीत शिवसेनेशी युती केली, ती त्यांची सर्वांत महागात पडलेली चूक. सेनेची वाढ त्या निवडणुकीपासून मोजली जाते. शाखा, फळा, नळ-गटाराच्या तक्रारी घेऊन येणारा माणूस आणि त्याच्यासाठी पालिकेत खेटे घालणारा कार्यकर्ता : समाजवाद्यांनी रुळवलेली ही पद्धत सेनेने अधिक माणसे, अधिक जरब आणि मराठी अस्मितेची जोड देऊन चालवली. गोरेगावही पुढे सेनेच्या बालेकिल्ल्यांत मोडू लागले. समाजवादी शाखेत अभ्यासमंडळ होते, पण बेकार पोराला संध्याकाळी उभे राहायला नाका आणि आपलेपणा देणारे फार काही नव्हते, ही तिची उणीव मान्य करावी लागते.

१९७२ मध्ये मृणाल गोरे विधानसभेवर गेल्या. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्याचे ते वर्ष. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता आणि मुंबईत गोडेतेल, रवा, साखर, रॉकेल दुकानांतून नाहीसे होत होते. सप्टेंबरमध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवाद्यांच्या मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, कमल देसाई, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा एरवी एकमेकींविरुद्ध प्रचार करणाऱ्या बायका त्यात एकत्र होत्या. हंड्याची जागा लाटण्याने घेतली. हजारो बायकांचे लाटणे मोर्चे निघाले, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव पडले. ठरलेल्या वेळी घराघरांतून लाटण्याने थाळ्या बडवण्याचा कार्यक्रम तर असा, की ज्या सुनेला मोर्च्याला जायची मुभा नाही तिलाही त्यात स्वयंपाकघरातून भाग घेता येई. रेशनदुकानावरचा साठा तपासणे, काळाबाजार पकडून देणे ही रोजची कामे वस्तीतल्या समित्या करत. गोरेगावकरणींना हे नवे नव्हते. दहा वर्षे त्यांनी पाण्यासाठी जे केले, तेच आता तेला-रॉकेलासाठी शहरभर होत होते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणाल गोरे सुमारे सहा महिने भूमिगत राहिल्या, डिसेंबरात पकडल्या गेल्या आणि सुटका व्हायला निवडणुकीची घोषणा व्हावी लागली. मार्च १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या जनता पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही त्या निकालाची घोषणा मुंबईने अनेक वर्षे लक्षात ठेवली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी त्यांना आरोग्यखाते देऊ केले होते. त्यांनी ते घेतले नाही. समाजवादी पक्ष तेव्हा जनता पक्षात विसर्जित झाला, आणि जनता पक्ष दोन-तीन वर्षांत फुटला तेव्हा परत येण्यासारखे जुने घर उरले नव्हते. शाखा म्हणून नोंद असलेली गोष्ट त्यानंतर गोरेगावात नाही असे म्हणता येईल. ट्रस्ट, महिला मंडळ, कामगार संघटना आणि माणसे होती.

त्या माणसांनी हाती घेतलेले शेवटचे मोठे काम घरांचे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याप्रमाणे शहरात ठरावीक मर्यादेबाहेरची मोकळी जमीन सरकारने घ्यायची आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी वापरायची होती. प्रत्यक्षात कायद्यातल्या सवलतीच्या कलमांतून जमिनी सुटत होत्या. मृणाल गोरे, बाबूराव सामंत, कमल देसाई आदींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागरी निवारा परिषद काढली आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या अतिरिक्त जमिनीवर दावा सांगितला. सरकार आणि न्यायालय यांत वर्षे गेली. सभासदांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरले. कित्येकांनी घर मिळेपर्यंत भाड्याच्या खोलीत आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. अखेर तिथे सहा हजारांहून अधिक कुटुंबांची वसाहत उभी राहिली. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, नफा न घेता, मुंबईच्या उपनगरात एवढ्या संख्येने घरे नागरिकांच्या संघटनेने बांधल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. त्याच वेळी हेही खरे, की ज्यांना हप्ते भरता आले त्यांनाच ती घरे मिळाली. झोपडीतल्या सर्वांत गरीब माणसापर्यंत ही योजना पोचली नाही, आणि तिचा तसा दावाही नव्हता.

न्यायालयाचा रस्ता या गटाला आता सवयीचा झाला होता. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात पायउतार व्हावे लागले, त्यामागच्या याचिकेत सामंत आघाडीवर होते. संकटातल्या बायकांसाठी ट्रस्टच्या वास्तूत ‘स्वाधार’ केंद्र सुरू झाले. मृणाल गोरे १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालण्यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक मांडले, आणि बाहेरच्या स्त्रीसंघटनांच्या रेट्याबरोबर त्याचाही परिणाम होऊन १९८८ साली महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. १९८८-८९ मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. त्यांचा पक्ष असलेल्या जनता दलाला फाटाफुटीनंतर मुंबईत स्थान राहिले नाही.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये कमाल धारणा कायदा रद्द केला. दिंडोशीसारखी दुसरी वसाहत ज्या आधारावर मागता आली असती, तो आधार त्यामुळे गेला. १७ जुलै २०१२ रोजी मृणाल गोरे यांचे निधन झाले. पाण्याचा वाद तेव्हाही चालू होता. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, आणि त्यासाठी पालिकेने धोरण आखावे. ही समिती गोरेगावच्या शाखेतून निघालेली नव्हती. मागणी मात्र तीच होती, आणि पालिकेचे म्हणणेही साठ सालातलेच : नळ दिला तर झोपडीला मान्यता दिल्यासारखे होईल.